आनंदाच्या कवीचा उदास औदुंबर

श्रावण लागला की मुलुंडच्या पश्चिमेकडचे डोंगर एका रात्रीत हिरवे होतात. बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूने ढग खाली उतरतात. घाटकोपरच्या चाळीत किंवा अंधेरीच्या सोसायटीत गॅलरीत वाळत घातलेले कपडे आत घ्यावेत, तोवर ऊन पडलेले असते. कपडे पुन्हा बाहेर टाकावेत, तोवर सर आलेली असते. अशा वेळी घरातली एखादी आजी पोळ्या लाटता लाटता शाळेत पाठ केलेली श्रावणाची कविता गुणगुणू लागते. तिला कवीचे पूर्ण नाव आठवेलच असे नाही. शाळेत कविता कितवीला होती, तेही आठवणार नाही. कविता मात्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तोंडात असते.

ही कविता लिहिणाऱ्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना महाराष्ट्र बालकवी या नावाने ओळखतो. ते जाऊन शंभराहून अधिक वर्षे लोटली. आपल्या उपनगरांशी त्यांचा तसा काही संबंध नाही. ते खानदेशचे. पण नकाशा उघडला तर एक गंमत दिसते. बोरिवलीला थांबणारी भुसावळची गाडी सुरत-उधन्यावरून तापीच्या खोऱ्यात शिरते आणि नवापूर, नंदुरबार, अमळनेर, धरणगाव करीत जळगावला पोहोचते. घाटकोपर-मुलुंडवरून धडधडत जाणारी गाडी कसारा घाट चढून नाशिक, मनमाड, चाळीसगावमार्गे त्याच जळगावला येते आणि पुढचे छोटे भादली स्थानक मागे टाकून भुसावळ गाठते. पहिल्या वाटेवर बालकवींचा जन्म आणि बालपण आहे, दुसऱ्या वाटेवर त्यांचा मृत्यू. दोन्ही रूळ जिथे एकत्र येतात त्या जळगावला त्यांना त्यांचे नाव मिळाले. अवघ्या २७ वर्षांचे आयुष्य या दोन लोहमार्गांच्या आसपास घडले आणि संपले.

बदलीच्या गावांतले बालपण

१३ ऑगस्ट १८९० रोजी धरणगावी त्र्यंबकचा जन्म झाला. वडील पोलीस खात्यात होते. बदलीची नोकरी म्हणजे बिऱ्हाड पाठीवर. दर दोन-तीन वर्षांनी नवे गाव, नवी शाळा, नवे सवंगडी. अशा मुलांचे शिक्षण नीट होत नाही आणि त्र्यंबकचेही झाले नाही. इंग्रजीची तोंडओळख झाली, तेवढीच. परीक्षा, पदवी, सरकारी नोकरी या त्या काळच्या मध्यमवर्गीय पायऱ्या त्यांना कधी चढता आल्या नाहीत.

पण गावे बदलत गेली तशी पुस्तकात नसलेली एक शाळा त्यांना मिळत गेली. खानदेश म्हणजे उन्हाळ्यात अंगाची काहिली करणारा मुलूख. काळी जमीन भेगाळते, नद्यांची वाळू तापते. मग पाऊस येतो आणि तीच काळी माती कपाशी-ज्वारीने झाकली जाते. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ असते. ज्याने हा उन्हाळा सोसला आहे त्यालाच हिरव्या रंगाची किंमत कळते. कोकणातल्या मुलाला हिरवळीचे अप्रूप कशाला वाटेल? बालकवींच्या कवितेत हिरवा रंग पुन्हा पुन्हा येतो, त्यामागे हा तापलेला मुलूख आहे असे मला नेहमी वाटते.

नवापूर मात्र वेगळे होते. रंगावली नदीच्या काठचे, रानाने वेढलेले, आदिवासी वस्तीचे गाव. इथल्या रानाने त्या मुलाला झपाटून टाकले. वयाच्या तेराव्या वर्षी त्याने 'वनमुकुंद' नावाची कविता लिहिली ती इथेच. विषय जुन्या वळणाचा होता, पण रान मात्र स्वतः पाहिलेले होते.

वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलेले नाव

१९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगेला मुलगा उभा राहिला आणि त्याने आपली कविता म्हटली. सभा थक्क झाली. अध्यक्षांनी या मुलाचा गौरव केला आणि त्याला बालकवी हे नाव दिले. ते इतके चिकटले की पुढे त्र्यंबक ठोंबरे हे नाव फक्त चरित्रकारांसाठी उरले.

या कीर्तिकरांविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. ते नुसते रसिक अध्यक्ष नव्हते. लष्करी वैद्यकीय सेवेतून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालेले हे मुंबईकर गृहस्थ वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते. मुंबई परिसरातल्या विषारी वनस्पतींवर त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेखमाला लिहिली. मेजर बी. डी. बसू यांच्याबरोबर त्यांनी तयार केलेला भारतीय औषधी वनस्पतींचा ग्रंथ आजही अभ्यासक उघडतात. झाडाचे पान, देठ, फूल, फळ, मूळ यांची काटेकोर नोंद करणारा हा माणूस. त्याने झाडांकडे अगदी वेगळ्या डोळ्यांनी बघणाऱ्या मुलाला ओळखावे आणि नाव द्यावे, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे. कीर्तिकर १९१७ साली वारले. त्यांचा तो मोठा ग्रंथ बाहेर पडला १९१८ साली, आणि त्याच वर्षी बालकवीही गेले.

जळगावच्या त्या दिवसांबद्दल आणखी एक गोष्ट मनात येते. त्या वेळी त्याच गावात सत्तावीस वर्षांची एक शेतकरी स्त्री संसाराचा गाडा ओढत होती. जवळच्या असोदे गावची ही लेक जळगावच्या चौधरींकडे दिलेली. लिहिता-वाचता येत नव्हते, पण जात्यावर आणि शेतात ओव्या सुचत होत्या. या बहिणाबाई चौधरींची कविता महाराष्ट्राला कळली ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली. एकाच मुलखात, एकाच काळात निसर्गाशी बोलणारे दोन आवाज होते. एकाला सभेत टाळ्या मिळाल्या, दुसरा चुलीपाशी राहिला. बहिणाबाईंचा निसर्ग घाम गाळायला लावतो आणि मग पोटाला देतो. बालकवींचा निसर्ग स्वप्न दाखवतो आणि मग एकटे सोडून जातो.

टिळकांचे घर

बालकवींच्या आयुष्यात थोडी सावली मिळाली ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी, अहमदनगरला. टिळक स्वतः फुलांचे आणि मुलांचे कवी. ख्रिस्ती झालेले, पण मराठी मनाने आणि मराठी वाणीने जगणारे. त्यांनी या मुलाला आपल्या घरी ठेवून घेतले. त्या काळात ब्राह्मण घरातल्या मुलाने ख्रिस्ती कुटुंबात राहणे ही साधी गोष्ट नव्हती. पण टिळकांच्या घराला अशा गोष्टींची सवय होती. कुणाही निराश्रिताला तिथे ताट मिळत असे, आणि त्या ताटाची चिंता लक्ष्मीबाईंनी करायची असे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात ठोंबरे भेटतात ते असे घरातल्या मुलासारखे. लहरी, हळवे, हट्टी, पटकन रुसणारे आणि पटकन विरघळणारे. मोठ्या कवीचे चरित्र म्हणून जे शोधतात त्यांना तिथे एक मोठे झालेले लहान मूल सापडते. बालकवी हे नाव त्यांना वयामुळे मिळाले होते, ते स्वभावालाही लागू पडले. जग मात्र मोठ्या माणसांचे होते. शाळेत शिकवण्याचे काम केले, पण कुठे फार काळ रमले नाहीत. लग्न झाले, पण संसारात सुख लाभले नाही. पैशाची ओढाताण कायमची. पुण्यात राम गणेश गडकऱ्यांसारखा मित्र मिळाला, मैफली रंगल्या, पण त्या उठल्यावर घरी परतायचे तर घर कुठे, हा प्रश्न होताच.

दवाचा अंतरपाट

बालकवींच्या आधी मराठी कवितेत निसर्ग नव्हता असे नाही. संतांनी दृष्टान्तासाठी चंद्र, चकोर, मोगरा, मेघ सगळे वापरले. पंडित कवींनी कमळे आणि हंस यांनी वर्णनाचे दरबार सजवले. केशवसुतांनी निसर्गाकडे नव्या नजरेने पाहिले. पण या सगळ्यांत निसर्ग बहुधा दुसरे काही सांगण्यासाठी येत असे. बालकवींनी त्याला घरातले माणूस केले.

'फुलराणी' आठवून पाहा. हिरवळीवर खेळणारी एक अल्लड कळी. तिला संध्याकाळी वारा चिडवतो, रात्री एकटेपणी तिच्या मनात पहिल्यांदा काही हलते, आणि सकाळी सूर्यकिरणाशी तिचे लग्न लागते. आता या लग्नाची तयारी बघा. सनई वाऱ्याकडे, पखवाज ओढ्याकडे, नाचायला भारद्वाज पक्षी, आणि वधूवरांच्या मध्ये धरलेला अंतरपाट दवाचा. ऊन वर आले की दव विरते, म्हणजे अंतरपाट आपोआप दूर होतो आणि दोघांची दृष्टभेट होते. मराठी लग्नघर ज्याने पाहिले आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. सकाळी दव विरते ही साधी गोष्ट. त्यात लग्नाचा सोहळा पाहणे, आणि तो सोहळा मुलीच्या मोठे होण्याच्या क्षणाशी जोडणे, हे फार थोड्यांना साधते. म्हणूनच १९७५ साली पु. ल. देशपांडे यांनी एका फुलवालीच्या कायापालटाचे नाटक रंगभूमीवर आणले तेव्हा त्याला 'ती फुलराणी' हे नाव दिले, आणि मराठी प्रेक्षकाला त्याचा अर्थ विचारावा लागला नाही. पुण्याच्या पेशवे उद्यानातली छोटी आगगाडीही फुलराणीच. आपल्या बोरिवलीच्या उद्यानातली गाडी 'वनराणी' झाली, तीही या घराण्यातलीच म्हणायची.

'श्रावणमास', 'निर्झरास', 'अरुण', 'तारकाराणी', 'आनंदी आनंद'. या कवितांनी बालकवी घरोघरी गेले. आणि इथेच थोडा घोटाळाही झाला. शाळेच्या पुस्तकाने आपल्याला निम्मेच बालकवी दिले.

पारव्याची आणि डोहाची बाजू

दुसरे निम्मे बालकवी वाचायला थोडे वय लागते. 'पारवा' या कवितेत भिंत खचलेल्या पडक्या जागेत, कौलारावर एक पारवा घुमत बसलेला आहे. 'खेड्यातील रात्र' या कवितेत शांतता आहे, पण ती अंगावर येते. उदासीनतेवरच्या त्यांच्या कवितेत ही व्यथा नेमकी कुठून येते ते त्यांना स्वतःलाही उमगत नाही. लक्षात घ्या, हा तोच कवी आहे, ज्याच्या ओळी आपण मुलांना टाळ्या वाजवत शिकवतो.

आणि मग 'औदुंबर'. फक्त आठ ओळी. हिरव्या काठांमधून वाहणारा ओढा, टेकडीकडचे इवलेसे खेडे, शेतांची दाटी, त्यांतून वाकडी होत गेलेली पांढरी पाऊलवाट, ती जाऊन पोहोचते ते काळे पाणी, आणि त्या पाण्यात पाय सोडून बसलेले उंबराचे झाड. बस्स. कवितेत मी हा शब्द नाही. सुखदुःखाची चर्चा नाही, तात्पर्य नाही. पण या आठ ओळींवर मराठी समीक्षकांनी किती पाने लिहिली असतील त्याची गणती नाही. कुणाला त्या झाडात ध्यानस्थ विरक्त दिसला, कुणाला मृत्यूची छाया दिसली, तर कुणाला जगाची पर्वा न करता पाण्यात पाय हलवत बसलेले निवांत पोर.

साध्या वाचकाने काय करावे? मला वाटते, रंग मोजावेत. निळा, हिरवा, पांढरा, काळा. चित्र पाण्यापासून निघते, माणसांच्या वस्तीतून, कष्टाच्या शेतांतून जाते आणि पुन्हा पाण्याशीच येते. पण सुरुवातीचे पाणी वाहते आहे आणि शेवटचे थांबलेले आहे. मधली वाट कुणी तरी चालून चालून पांढरी केलेली आहे. ते चालणारे लोक कुठे गेले, हे कवी सांगत नाही. फक्त वाट कुठे जाते ते दाखवतो. हे ज्याला जाणवले त्याला प्रतीक म्हणजे काय हे निराळे शिकवायला नको.

झाडही त्यांनी असेतसे निवडलेले नाही. आंबा नाही, वड नाही. उंबर हे ओलाव्याचे झाड, पाण्याच्या कडेला वाढणारे. त्याखाली दत्ताचे ठाण असते. त्याचे फूल कुणाला दिसत नाही, कारण ते फळाच्या आतच असते. म्हणून क्वचित भेटणाऱ्याला आपण उंबराचे फूल म्हणतो. ज्याचे फुलणे बाहेरून दिसत नाही असे झाड या कवीने पाण्याकाठी बसवावे, हा नुसता योगायोग असेल का?

भादली

५ मे १९१८. उन्हाळ्यातले खानदेशातले ऊन. भादली स्थानकाजवळ रुळांवर रेल्वेगाडीखाली सापडून बालकवींचा मृत्यू झाला. वयाची २८ वर्षेही पुरी झाली नव्हती. रूळ ओलांडताना अपघात झाला, एवढीच ती हकीकत. पुढे तिच्याभोवती कहाण्या जमल्या. कवीच्या मृत्यूभोवती त्या जमतातच. तंद्रीत चालत होते, दुसऱ्या रुळावरून गाडी येईल असे वाटले, चप्पल अडकली, असे नाना तऱ्हेने सांगितले जाते. या कहाण्यांत फार शिरू नये. रोज रूळ ओलांडणाऱ्या आपल्या उपनगरांना हे कुणी समजावून सांगायला नको. एका क्षणाची चूक आणि घरी वाट पाहणारी माणसे, एवढेच सत्य असते.

पुढच्या जानेवारीत, २३ तारखेला गडकरी गेले. ९ मे १९१९ रोजी रेव्हरंड टिळक गेले. सुमारे वर्षभराच्या अंतरात मराठी कवितेच्या एका अंगणातले तीन दिवे विझले. बालकवींच्या मागे राहिल्या दीडशेच्या आसपास कविता, आणि त्यांतल्या कितीतरी अर्धवट. हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नव्हता. विखुरलेली पाने पुढे इतरांनी गोळा केली.

कीट्स पंचविसाव्या वर्षी गेला, शेली तिसावे लागण्याआधी. बालकवींची तुलना अनेकदा त्यांच्याशी होते. पण त्या दोघांच्या पाठीशी ग्रीक पुराणे होती, इटलीचे प्रवास होते, ग्रंथालये होती. आपल्या ठोंबऱ्यांच्या पाठीशी होती बदलीची गावे, एका पाद्र्याच्या घरचे ताट आणि नवापूरचे रान.

आपल्या अंगणात

इथे एक प्रश्न मनात येतो. आजच्या उपनगरातल्या मुलाने ही कविता वाचायची कशी? 'निर्झरास' शिकवताना शिक्षिकेने कुठला झरा दाखवावा? आपल्याकडेही नद्या आहेत. दहिसर, पोईसर, ओशिवरा, मिठी या चारही राष्ट्रीय उद्यानाच्या आणि विहार-तुळशी-पवईच्या बाजूने निघतात. उगमाशी त्या खरोखर निर्झर असतात, दगडावरून खळाळत येतात. वस्तीत शिरल्या की दोन-चार किलोमीटरांत त्यांचा नाला होतो. त्या नद्या आहेत हेच आपण विसरून गेलो होतो. २६ जुलै २००५ च्या पावसाने ते आठवण करून दिले, पण किती भयंकर किंमत घेऊन!

बालकवींनंतर तीस वर्षांच्या आत मराठी कवितेचा निसर्ग पालटला. खानदेशातच, फैजपूरला जन्मलेल्या बा. सी. मर्ढेकरांना १९४७ च्या 'काही कविता' या संग्रहापर्यंत मुंबईत उंदीर आणि मुंग्या दिसू लागल्या होत्या. शहराची प्रतिमा म्हणून ते खरेच होते. मग बालकवी जुने झाले का? तसे वाटत नाही. आपल्या खिडक्यांना आपण पारव्यांसाठी जाळ्या ठोकल्या आहेत. पण दुपारी घर रिकामे असताना जाळीपलीकडे पारवा घुमू लागतो तेव्हा जो एक पोकळ, जड सूर मनात उतरतो, त्याचे नाव बालकवींनीच आपल्याला सांगितलेले आहे. निसर्ग कमी झाला म्हणून त्याची भाषा निरुपयोगी होत नाही. उलट ती भाषा गेली तर उरलासुरला निसर्गही आपल्याला दिसणार नाही.

आमच्या मुलीने शाळेत असताना एकदा विचारले होते की औदुंबर म्हणजे कसले झाड. पुस्तकात चित्र होते, पण तिला खरे झाड हवे होते. तिला घेऊन खाली गेलो. सोसायटीच्या मागच्या भिंतीला, पाण्याच्या टाकीजवळ, कुणीही न लावलेला एक उंबर वाढलेला आहे. बुंध्यालाच फळे लगडलेली. खाली फुटलेल्या फळांचा सडा, म्हणून सफाईवाला त्याच्यावर कायम रागावलेला. त्या दिवशी टाकी भरून वाहत होती आणि मुळांपाशी पाण्याचे थारोळे साचले होते. मुलगी बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली की हा पाय भिजवून बसला आहे.

मी काही समजावून सांगितले नाही. गरजही नव्हती. पुढे सोसायटीच्या सभेत ते झाड तोडण्याचा विषय निघाला, तेव्हा विरोधात पहिला हात आमच्या घरातून वर गेला. उंबर अजून उभा आहे. श्रावणात त्याखाली पाणी साचते.